विभाजक आणि अंक: मोठ्या संख्यांच्या वर्गीकरणाचा आढावा

३,३५,५०,३३६ ही संख्या घेऊ. तिच्याविषयी बरेच काही सांगता येते. ती सम आहे. तिच्या अंकांची बेरीज २८ येते, आणि २८ ने तिला पूर्ण भाग जात नाही. तिला एकूण २६ विभाजक आहेत. त्यांतली ती स्वतः वगळून उरलेल्या २५ विभाजकांची बेरीज केली, तर पुन्हा तीच संख्या मिळते. ३,३५,५०,३१३ या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज, म्हणजे २३, मिळवली तरी आपण इथेच येतो. द्विमान पद्धतीत ती लिहिली, तर आधी ओळीने तेरा एक आणि मग बारा शून्ये येतात.

ही सगळी विधाने खरी आहेत, पण गणितात त्यांचे वजन सारखे मानले जात नाही. विभाजकांबद्दलचे विधान संख्या कशीही लिहिली तरी टिकते. अंकांची बेरीज २८ येणे मात्र आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून घडते. पूर्णांकांचे आज जे शेकडो वर्ग प्रचारात आहेत, त्यांची ढोबळ विभागणी याच रेषेवर होते: एका बाजूला विभाजकांवरून पडणारे वर्ग, दुसऱ्या बाजूला अंकांवरून पडणारे. ही रेषा किती पक्की आहे आणि अंकांच्या बाजूचे किती काम खरे गणित मानायचे, यावर गेले शतकभर मतभेद आहेत. हा वाद कुठून सुरू झाला, त्यातल्या मुख्य भूमिका काय आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात पाहायचे आहे.

१. विभाजकांवरून वर्गीकरण: युक्लिड ते ऑयलर

सर्वांत जुने वर्गीकरण विभाजकांच्या बेरजेवर उभे आहे. स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण, जास्त आली तर विपुल आणि कमी पडली तर न्यून. ६ परिपूर्ण आहे, कारण १ + २ + ३ = ६. १२ विपुल आहे आणि ८ न्यून. इसवी सन १०० च्या सुमारास गेरासाच्या निकोमाकसने हे तीन वर्ग नीट मांडले. त्याने त्यांना नैतिक अर्थही चिकटवला: परिपूर्णता म्हणजे सद्गुण, उरलेले दोन म्हणजे अतिरेक आणि उणीव.

निकोमाकसला ६, २८, ४९६ आणि ८,१२८ या चार परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या. एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक, चार अंकी एक. शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८. या चार नमुन्यांवरून पुढेही असेच चालेल असा समज शतकानुशतके रूढ राहिला. पाचवी परिपूर्ण संख्या म्हणजे आपली ३,३५,५०,३३६. ती आठ अंकी निघाली आणि पहिला समज संपला. सहावी ८,५८,९८,६९,०५६. तिचाही शेवट ६ नेच होतो, म्हणून दुसराही समज गेला. थोड्या उदाहरणांत दिसलेला अंकांचा नमुना पुढे टिकेलच असे नाही, हा धडा इतका जुना आहे.

टिकला तो युक्लिडचा नियम. ‘एलिमेंट्स’च्या नवव्या ग्रंथातल्या छत्तिसाव्या प्रमेयाचे सार असे: १ पासून दुप्पट करत जा आणि बेरीज करत राहा, बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणा, गुणाकार परिपूर्ण असेल. १ + २ + ४ असे ४,०९६ पर्यंत मिळवले की ८,१९१ येतात. ही मूळ संख्या आहे. ८,१९१ गुणिले ४,०९६ म्हणजे आपली संख्या. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळते, ही उलट बाजू अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केली. सम परिपूर्ण संख्यांचा शोध त्यामुळे एका वेगळ्या शोधात रूपांतरित झाला: २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते?

अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली. तिच्यात ६७ आणि २५७ हे घात चुकून आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. संपूर्ण यादी तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. त्यातला ६७ वा घात शिकण्यासारखा आहे. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७, ही मूळ संख्या नाही, असे १८७६ मध्ये एदुआर ल्युकाने दाखवले. पण त्याच्या पद्धतीतून तिचा एकही अवयव हाती आला नाही. १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोलने ते दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे यांत सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. हे अंतर पुढे चौथ्या भागात पुन्हा लागणार आहे.

विसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप बदलले. एकेका संख्येऐवजी संपूर्ण वर्ग किती दाट आहे, हे विचारले जाऊ लागले. विपुल संख्यांचे सर्व संख्यांमधले प्रमाण एका ठरावीक आकड्याकडे जाते, हे १९३३ मध्ये हॅरॉल्ड डेव्हनपोर्टने सिद्ध केले. तो आकडा शेकडा सुमारे २४.७६ आहे. सम विपुल संख्या १२ पासूनच भेटतात, पहिली विषम विपुल संख्या मात्र ९४५ आहे.

श्रीनिवास रामानुजन यांनी विभाजकांच्या बेरजेऐवजी त्यांची संख्या मोजली. आपल्यापेक्षा लहान कोणत्याही संख्येला असतील त्यांहून जास्त विभाजक जिला आहेत, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यातली यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. या संख्येला १०,०८० विभाजक आहेत. अशा संख्यांच्या मूळ अवयवांचे घात लहान अवयवापासून मोठ्याकडे जाताना कधीच वाढत नाहीत, आणि या रचनेतून रामानुजनांनी बरेच निष्कर्ष काढले.

वरवर मनोरंजनाचा वाटणारा हा विषय गणिताच्या केंद्राशी किती जोडलेला आहे, हे १९८४ मध्ये दिसले. एखाद्या संख्येच्या विभाजकांची बेरीज तिच्या आकाराच्या मानाने किती मोठी होऊ शकते, याची एक विशिष्ट मर्यादा ५,०४० पेक्षा मोठी कोणतीही संख्या ओलांडत नाही, हे विधान आणि मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेली, अजून न सुटलेली रीमान अटकळ ही दोन्ही तर्कदृष्ट्या एकच आहेत, असे फ्रान्सच्या गी रोबँने सिद्ध केले. एक खरे ठरले तर दुसरे खरे. ५,०४० हीसुद्धा रामानुजनांच्या यादीतलीच संख्या. प्लेटोने ‘लॉज’मध्ये आदर्श नगरातल्या कुटुंबांसाठी हाच आकडा सुचवला होता, तोही तिला खूप विभाजक आहेत म्हणूनच.

२. अंकांवरून वर्गीकरण: देवळालीची परंपरा

अंकांवरून संख्यांचे वर्ग पाडण्याच्या आधुनिक कामात एक नाव महाराष्ट्राचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षकी केली. पदव्युत्तर पदवी किंवा विद्यापीठातली जागा त्यांच्याकडे नव्हती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध संख्या ६,१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. ३,५२४ पासून निघालो तर ५,४३२ वजा २,३४५ म्हणजे ३,०८७. मग ८,७३० वजा ०३७८ म्हणजे ८,३५२. मग ८,५३२ वजा २,३५८ म्हणजे ६,१७४. त्यानंतर हीच संख्या पुन्हा पुन्हा येत राहते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले.

याखेरीज त्यांचे चार वर्ग आज जगभर वापरात आहेत. कापरेकर संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळची संख्या येते: ४५ चा वर्ग २,०२५, आणि २० + २५ = ४५; ७०३ चा वर्ग ४,९४,२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. हर्षद संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. हार्डी–रामानुजन किश्शातली १,७२९ हर्षदही आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १,७२९. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू किंवा देवळाली संख्या: २०, ३१, ४२, ५३ या अशा. आपली ३,३५,५०,३३६ मात्र ३,३५,५०,३१३ पासून तयार होते, म्हणून स्वयंभू नाही. डेम्लो संख्या डोंबिवली (तेव्हाचे डेम्लो) स्थानकावर सुचल्या, म्हणून त्यांना ते नाव. त्यातला ओळखीचा नमुना म्हणजे १२१, १२,३२१, १२,३४,३२१: केवळ १ हा अंक असलेल्या संख्यांचे वर्ग.

कापरेकरांचे बरेच लेखन छोट्या नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून आले. भारतातल्या व्यावसायिक गणितज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर हे वर्ग जगभर पोहोचले.

३. तीन भूमिका

अंकांच्या वर्गांबद्दल ढोबळपणे तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका जी. एच. हार्डी यांची. १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’मध्ये त्यांनी दोन उदाहरणे दिली. उलट लिहिलेल्या स्वतःच्याच पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच: ८,७१२ ही २,१७८ च्या चौपट आणि ९,८०१ ही १,०८९ च्या नऊपट. तसेच, १ सोडली तर स्वतःच्या अंकांच्या घनांच्या बेरजेएवढ्या असणाऱ्या संख्या चारच: १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. हार्डींच्या मते अशी विधाने कोड्यांच्या सदराला शोभतात, पण त्यांत गंभीर गणित नाही, कारण त्यांतून पुढे कुठे जाता येत नाही आणि त्यांच्या सिद्धतेतून नवे काही शिकायला मिळत नाही. या भूमिकेच्या मुळाशी एक भक्कम युक्तिवाद आहे. दहाचा पाया ही मानवी सोय आहे. पाया बदलला की वर्गातले सभासद बदलतात. स्वयंभू संख्यांचेच पाहा. पाया विषम असेल, समजा नऊ, तर स्वयंभू संख्या म्हणजे नेमक्या सगळ्या विषम संख्या, त्यापलीकडे काही नाही. दशमान पद्धतीतली स्वयंभू संख्यांची गुंतागुंत पाया सम असण्यातून येते. रिचर्ड गाय यांनी १९८८ मध्ये यात आणखी एक मुद्दा घातला. लहान संख्या थोड्या आहेत आणि त्यांच्याकडून करायच्या मागण्या खूप, म्हणून योगायोग घडणारच.

दुसरी भूमिका या वर्गांच्या बाजूची. तिचे म्हणणे असे की अंक हे शोधाचे साधन आहे. कोणताही विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन हे प्रश्न तपासू शकतो, आणि सोपे दिसणारे हे प्रश्न पुष्कळदा अवघड निघतात. लागोपाठच्या जास्तीत जास्त किती संख्या हर्षद असू शकतात? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले की वीस असू शकतात, एकवीस कधीच नाही. अशा वीस संख्यांची मालिका मिळते खरी, पण तिच्यातली पहिलीच संख्या लिहायला चार हजार कोटींहून अधिक अंक लागतात. पुढच्या वर्षी हेलन ग्रुंडमन यांनी हेच उत्तर कोणत्याही पायासाठी मांडले: कमाल मालिका पायाच्या दुप्पट. दहाच्या पायावर सुरू झालेला प्रश्न इथे पायाच्या बंधनातून मोकळा झाला. हार्डींच्या ८,७१२ चीही अशीच प्रगती झाली. उलट लिहिल्यावर पट होणाऱ्या संख्यांची रचना अ‍ॅन लडिंग्टन यंग यांनी १९९२ मध्ये आलेखांच्या मदतीने उलगडली, आणि नंतर नील स्लोन यांनी ते काम पुढे नेले.

तिसरी भूमिका मधली आहे आणि गेल्या पंचवीस वर्षांत तिला बळ मिळाले आहे. अंकांचा गुण घेताना तो पायापलीकडे काय सांगतो, हे विचारा, असे तिचे म्हणणे. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कापरेकर संख्याच आहेत. डग्लस यानुच्ची यांनी २००० मध्ये दाखवले की कापरेकर संख्या शोधणे आणि ९९, ९९९, ९,९९९ या संख्यांचे अवयव पाडणे, हे मुळात एकच काम आहे. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. ४५ ला ९ ने भाग जातो आणि तिच्या आधीच्या ४४ ला ११ ने. ५५ ला ११ ने भाग जातो आणि तिच्या आधीच्या ५४ ला ९ ने. ४५ आणि ५५ या दोन्ही कापरेकर संख्या आहेत, त्याचे कारण हेच. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. तिथून २९७ आणि ७०३ मिळतात. अंकांच्या तुकड्यांचा खेळ खाली विभाजकांवरच उभा आहे.

त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे: प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असते. आपल्या संख्येवर हे ताडून पाहता येते. दशमान पद्धतीत ती कापरेकर संख्या नाही. पण तिचा वर्ग द्विमान पद्धतीत लिहून उजवीकडचे २६ अंक वेगळे काढले, तर डाव्या तुकड्याची किंमत १,६७,७३,१२० येते आणि उजव्याची १,६७,७७,२१६. दोन्हींची बेरीज ३,३५,५०,३३६. युक्लिडचा वर्ग आणि देवळालीच्या शिक्षकाचा वर्ग इथे एकमेकांना भेटतात.

अंकांच्या बेरजेचेही असेच. आपल्या परिपूर्ण संख्येच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे दुसरी परिपूर्ण संख्या, हे पहिल्यांदा विलक्षण वाटते. पण ६ वगळता प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला ९ ने भागले की बाकी १ उरते, आणि अंकांच्या बेरजेलाही तीच बाकी उरायला हवी. आठ अंकी संख्येसाठी १, १०, १९, २८, ३७ अशा मोजक्याच बेरजा शक्य राहतात. त्यांतली एक २८ निघाली. नवलाचा मोठा भाग प्रमेयात विरघळतो, थोडा योगायोग उरतो.

या भूमिकेचे दुसरे बळ मूळ संख्यांच्या सिद्धांतातून आले. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम येण्याचे आणि विषम येण्याचे प्रमाण दीर्घ पल्ल्यात सारखे असते, हे क्रिस्तियाँ मोद्युई आणि जोएल रिवा यांनी २०१० मध्ये सिद्ध केले. अलेक्सांद्र गेलफाँड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हा प्रश्न होता. जेम्स मेनार्ड यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की कोणताही एक अंक वर्ज्य केला, समजा ७, तरी तो अंक नसलेल्या मूळ संख्या अनंत आहेत. तसेच, पाच किंवा त्याहून मोठ्या कोणत्याही पायात प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त तीन उलटसुलट सारख्या संख्यांच्या बेरजेने लिहिता येतो, हे खाव्हिएर सियेरुएलो, फ्लोरियान लुका आणि लुईस बॅक्स्टर यांनी सिद्ध केले. हे निबंध कोड्यांच्या सदरातले नाहीत. त्यांतली साधने संख्या सिद्धांताच्या मुख्य प्रवाहातली आहेत.

४. ओळख पटवण्याचा खर्च

दोन बाजूंमधला व्यवहारी फरक संख्या खरोखर मोठी झाली की जाणवतो. एक लाख अंकी संख्या हर्षद आहे का, हे संगणक क्षणात सांगतो: अंकांची बेरीज करायची आणि एकदा भागायचे. तीच संख्या विपुल आहे की न्यून, हे सांगायला साधारणपणे तिचे मूळ अवयव लागतात, आणि तिथे वाट अडते.

मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न मात्र तुलनेने सोपा निघाला. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यासाठी अशी रीत दिली की जिला लागणारा वेळ अंकांच्या संख्येच्या एका ठरावीक घातापलीकडे जात नाही, आणि जी कोणत्याही सिद्ध न झालेल्या अटकळीवर अवलंबून नाही. मर्सेन संख्यांसाठी ल्युका–लेहमर कसोटी त्याहूनही जलद आहे. १९९६ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर चाललेल्या शोधातून ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत, आणि तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या ८ कोटींहून अधिक अंकांची आहे.

अवयव पाडण्याचे तसे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव मिळाले. त्यासाठी संगणकाच्या एका गाभ्याला सुमारे २,७०० वर्षे लागली असती एवढे काम करावे लागले. फर्मा संख्यांमध्ये (२ चा असा घात, जो घातांक स्वतःही २ चा घात आहे, अधिक १) तर १९०३ पूर्वीच्या ६७ व्या मर्सेन संख्येचीच अवस्था पुन्हा दिसते. ३,१५,६५३ अंकांची विसावी फर्मा संख्या आणि ५०,५०,४४६ अंकांची चोविसावी, दोन्ही संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे, पण त्यांचा एकही अवयव आज कुणाला माहीत नाही. तेहेतिसावी तर मूळ आहे की संयुक्त, हेच ठाऊक नाही. तिच्यात अडीचशे कोटींहून अधिक अंक आहेत. संख्या नेमकी काय आहे हे पूर्णपणे ठाऊक असून तिचा वर्ग ठाऊक नसतो, ही परिस्थिती मोठ्या संख्यांच्या बाबतीत नेहमीचीच आहे.

त्यामुळे विभाजकांचे वर्ग सिद्धांताच्या दृष्टीने समृद्ध आणि तपासायला महाग, तर अंकांचे वर्ग तपासायला स्वस्त आणि सिद्धांताच्या दृष्टीने बहुधा विरळ, असे एक ढोबळ चित्र उभे राहते. कापरेकर संख्या या चित्रात बसत नाहीत. एखादी संख्या कापरेकर आहे का, हे पाहणे स्वस्त आहे, पण अमुक अंकांपर्यंतच्या सगळ्या कापरेकर संख्यांची यादी करायची तर ९९९…९ चे अवयव पाडावे लागतात.

५. न सुटलेले प्रश्न

विभाजकांच्या बाजूने सर्वांत जुना प्रश्न विषम परिपूर्ण संख्येचा. अशी एकही सापडलेली नाही आणि नसतेच असे कुणी सिद्ध केलेले नाही. असलीच तर ती १,५०० अंकांहून मोठी असणार आणि पुनरावृत्ती धरून तिला किमान १०१ मूळ अवयव असणार, असे पास्काल ओशेम आणि मिकाएल राव यांनी २०१२ मध्ये दाखवले. वेगवेगळे मूळ अवयव किमान १० हवेत, हे पेस नील्सन यांचे काम. अशा शोधात फसगत कशी होऊ शकते, हे देकार्तने १६३८ मध्येच दाखवले होते. १,९८,५८,५५,७६,१८९ ही संख्या विषम परिपूर्ण ठरते, अट एवढीच की तिचा २२,०२१ हा अवयव मूळ आहे असे मानायचे. प्रत्यक्षात तो १९ च्या वर्गाला ६१ ने गुणून मिळतो.

मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, म्हणजेच सम परिपूर्ण संख्या अनंत आहेत का, हेही सिद्ध झालेले नाही. बहुतेक तज्ज्ञ ‘आहेत’ या बाजूचे आहेत. स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज, मग त्या बेरजेच्या तशाच विभाजकांची बेरीज, अशी साखळी २७६ पासून सुरू केली तर ती कधी थांबते का? दोन हजारांहून अधिक पायऱ्या मोजून झाल्या, उत्तर नाही. अशा सगळ्याच साखळ्या कुठेतरी थांबतात किंवा फिरून त्याच जागी येतात, ही कातालान आणि डिक्सन यांची अटकळ. बऱ्याच सम संख्यांच्या साखळ्या अनंतापर्यंत वाढत जात असाव्यात, असे गाय आणि सेल्फ्रिज यांचे मत. या बाबतीत तज्ज्ञांमध्ये एकमत नाही.

अंकांच्या बाजूने १९६ ही संख्या प्रसिद्ध आहे. संख्येत तिचीच उलट संख्या मिळवत राहा, बहुतेक लहान संख्या लवकरच उलटसुलट सारख्या होतात. १९६ पासून निघून कोट्यवधी अंकांपर्यंत गेले तरी तसे घडलेले नाही. कधीच घडणार नाही, याची दशमान पद्धतीत सिद्धता नाही. द्विमान पद्धतीत मात्र २२ या संख्येसाठी ती आहे. केवळ १ हा अंक असलेल्या मूळ संख्या अनंत आहेत का, हेही खुले आहे. १९ वेळा आणि २३ वेळा १ लिहून मूळ संख्या मिळते, पुढे त्या फार विरळ होतात. हा प्रश्न अंकांत मांडलेला असला, तरी तो दहाच्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्येच्या अवयवांचाच आहे.

या दोन्ही बाजूंवर एक समान प्रश्न आहे: अवयव पाडण्याची जलद रीत साध्या संगणकासाठी आहे का? क्वांटम संगणकासाठी पीटर शॉर यांनी १९९४ मध्ये ती दिली. साध्या संगणकासाठी ती सापडलेली नाही आणि ती नसतेच, हेही सिद्ध झालेले नाही.

६. आजची स्थिती

हार्डींच्या कसोटीचे दोन भाग होते: विधान सामान्य करता यावे, आणि सिद्धतेतून इतरत्र उपयोगी पडणारे काही हाती लागावे. अंकांवरून पाडलेले पुष्कळ वर्ग या कसोटीत आजही उतरत नाहीत. स्वतःच्या अंकांच्या, अंकसंख्येइतक्या घातांच्या बेरजेएवढ्या असणाऱ्या संख्या दशमान पद्धतीत ८८ आहेत, सर्वांत मोठी ३९ अंकी. ६० पेक्षा जास्त अंक असलेली अशी संख्या असूच शकत नाही, हे एका साध्या असमानतेतून कळते, आणि यादी पूर्ण झाली की प्रश्न संपतो. हर्षद मालिका, कापरेकर संख्या आणि मूळ संख्यांचे अंक यांवरचे निष्कर्ष मात्र दोन्ही अटी पुऱ्या करतात.

म्हणून आज वादाचा रोख एकेका वर्गावर आला आहे. नवा वर्ग मांडणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पाया बदलला तर वर्गाचे काय होते? वर्ग मर्यादित आहे की अनंत, आणि अनंत असेल तर किती दाट? त्यातून विभाजकांविषयी किंवा मूळ संख्यांविषयी काही कळते का? ४५ आणि ५५ या संख्यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे दिले, पण ते पुराव्यासह लिहिले जायला गेल्या शतकाचे शेवटचे वर्ष उजाडले. स्वयंभू संख्यांचे सम पायांतले वर्तन आणि १९६ ची साखळी यांबाबत हे उत्तर अजून यायचे आहे.